मोडलेल्या वाटेचा साक्षीदार

माझ्या चुलत्यांशी माझं वैर होतं आणि ते उत्तम चाललं होतं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे कुणाला वाटायचं की मी आजारी म्हाताऱ्याबद्दल कळवळून लिहितो आहे. आमच्या घरात कळवळा होता, पण तो बायकोच्या वाट्याला आला होता. माझ्या वाट्याला आवाज आला होता.

आवाजाचं सांगायलाच हवं. मी थेरगावच्या शाळेत मास्तर, पण गावात ओळख जत्रेच्या नाटकातला खलनायक म्हणून. मी स्टेजवर आलो की पुढच्या ओळीतल्या बाया बोटं मोडायच्या, आणि मला ते टाळ्यांहून गोड लागायचं. शिवाय नकला. पाटलांचा खोकला, पोस्टमनचं हेल काढून बोलणं, सगळं माझ्या गळ्यात. वडिलांचा आवाज तर असा काढायचो की विहिरीवर मोटेचे बैल फसायचे आणि न सांगता मागे सरायचे. वडील हसायचे. चुलते हसत नसत.

आमची जमीन पवनेच्या अंगाला. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडचा तुकडा चुलत्यांना गेला आणि आतला, विहिरीचा, वडिलांना आला. माझं घरही आतच. रस्त्यावर यायचं तर चुलत्यांच्या रानातून गाडीभर रुंदीची एक वाट होती. ती कोणत्याही कागदावर नव्हती. विहीर दोघांची, वाट दोघांची, एवढंच दोघं भाऊ तोंडी बोलले होते. त्या बोलण्यावर चुलते तीस वर्षं रोज उजाडता उजाडता त्या वाटेने विहिरीवर आले आणि त्यांनी मोट हाकली. वाट त्यांच्या आणि बैलांच्या पायांनीच पडलेली. पुढे वडील गेले. ते गेले तेव्हा मी घरी नव्हतो, पण ते असो. मी विहिरीवर इंजिन बसवलं, मोट सुटली आणि चुलत्यांचं येणं थांबलं. वाट मात्र माझ्या म्हशींनी आणि दुधाच्या किटल्यांनी चालू ठेवली.

तेव्हा पिंपरीकडे कारखान्यांचे पाये खोदले जात होते आणि नव्या वसाहतीला दूध कमी पडत होतं. माझ्या चार म्हशी. ती वाट नसेल तर ओढ्यातून काळेवाडीच्या अंगाने वळसा, आणि त्या वळशात दूध नासायचं. म्हणजे ती वाट माझं पोट होती. हे चुलत्यांना पक्कं ठाऊक होतं.

एका थंडीत माझी म्हैस त्यांच्या हुरड्यात शिरली. मी माफी मागितली नाही, कारण मला वाटलं ते मागायला लावतील आणि मग मी झोकात मागेन. त्यांनी लावलं नाही. अबोला धरला. आमच्याकडे अबोला धरणारा गप्प बसत नाही, तो बैलाशी बोलतो. मी बांधाजवळून गेलो की चुलते बैलाला म्हणायचे, "चल रं, तोंड रंगवणाऱ्याच्या सावलीत उभा राहू नगंस." मीही माझ्या म्हशीला सांगायचो की बाई, शेजारी फार मोठे लोक राहतात, त्यांच्या रानाकडे बघायचंसुद्धा नाही. म्हशीने माझं कधी ऐकलं नाही.

पुढच्या आश्विनात त्यांनी वाट नांगरली. स्वतः, दोन बैल जुंपून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तीत शाळू पेरला आणि रस्त्याकडच्या टोकाला चाबूक घेऊन बसले. मी मामलेदार कचेरीत दावा लावला. गावात सगळ्यांना सांगितलं की एका म्हशीपायी माणूस रक्ताचं नातं नांगरतो. हे वाक्य मला फार आवडायचं. मी ते सोसायटीच्या पायरीवर हात वर करून म्हणत असे.

अडचण एकच होती. वाट होती हे सांगणारा कोण? गावकरी दोन्ही घरांत जेवणारे. जबानीची वेळ आली की सगळ्यांना परगावी कामं निघाली. ज्याने ती वाट तीस वर्षं तुडवली तो एकच माणूस खरं सांगू शकत होता, आणि तो चाबूक घेऊन बसला होता.

पौष महिन्यात शाळू खांद्याएवढा झाला. एका सकाळी मी विहिरीच्या थारोळ्यावर, पूर्वी मोटेचं पाणी पडायचं त्या कुंडीवर, दात घासत उभा होतो तर पलीकडच्या शाळवाचे शेंडे हलायला लागले. वारा नव्हता. शेंडे एका सरळ रेघेत हलत माझ्याकडे येत होते. मला वाटलं डुक्कर. रान फाटलं आणि चुलते बाहेर आले, डोक्याला फडकं, हातात आसूड. ते माझ्याकडे न बघता धावेवर गेले. धाव म्हणजे मोटेचे बैल ज्यावरून खाली-वर करतात तो उतार. तिथे उभे राहिले, इकडे तिकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "दादा, बैलं कुटं नेलीस?"

दादा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं.

तोंडात दातवण तसंच ठेवून मी विचार केला. खलनायकाला विचार फार पटकन सुचतात. मी वडिलांच्या आवाजात म्हणालो, "चरायला सोडल्यात. बस, च्या पी." गुळाचा चहा आला. त्यांनी बशीत ओतून दोन बशा प्यायल्या आणि आल्या वाटेने परत गेले. शाळवात एक बारीक रेघ उरली, मोडलेल्या ताटांची. मी तिच्याकडे असा बघत राहिलो जसा कुणी सोन्याच्या तारेकडे बघावं.

तडक चिंचवडला डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना स्टेशनजवळ होता. चेहरा काळजीचा केला. डॉक्टरांना आमच्या घरातलं वैर माहीत होतं, चेहऱ्याने ते फसले नाहीत, पण त्यांना समजावून सांगायची हौस होती. ते म्हणाले, मेंदूत मज्जातंतूंचं जाळं असतं, आणि एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जातो. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली की त्या दोघींमधला दुवा पक्का होतो, शिकणं म्हणतात ते हेच. वापर थांबला की दुवा ढिला पडतो. म्हातारपणी थोडं असं सगळ्यांचंच होतं. पण हा आजार वेगळा. यात पेशीच मरतात आणि त्यांच्याबरोबर दुवे तुटतात. नवे आधी तुटतात, कारण ते नीट मुरलेलेच नसतात. लहानपणचं, तरुणपणचं, हजार वेळा केलेलं शेवटपर्यंत टिकतं.

"म्हणजे भांडण विसरले?" मी विचारलं.

"शक्य आहे. कदाचित भांडणही आजारातूनच आलं असेल. घरच्यांना विसरणं दिसण्याआधी बऱ्याचदा राग दिसतो."

हे मला मुळीच आवडलं नाही. इतकं देखणं वैर, आणि ते माझ्याशी नव्हतं, मज्जातंतूंचं होतं? मी मनातल्या मनात ते फेटाळलं आणि बाकीचं घरी घेऊन आलो. बाकीचं म्हणजे हे: पुन्हा पुन्हा केलं की पक्कं होतं.

दुसऱ्या दिवसापासून चहा तयार असायचा. चुलत्यांच्या घरी डॉक्टरांनी चहा बंद केला होता, त्यामुळे माझा चहा म्हणजे अमृत. सोबत तंबाखूची चिमूट, चुना मळून. कधी गरम भाकरीचा पापुद्रा. ते रोज उजाडताना यायचे, धावेवर उभे राहायचे, बैल विचारायचे, मी वडील व्हायचो, चहा व्हायचा. वडील करण्यात मला अशी मजा येऊ लागली की मी त्यांचा खोकलासुद्धा घातला. पंधरवड्यात शाळवातली रेघ वीतभर रुंद झाली, महिन्यात दोन हात. माझ्या दाव्यातली वाट प्रतिवादी स्वतःच्या पायांनी पाडून देत होता. गावात एवढा सुखी माणूस दुसरा नव्हता.

चुलत्यांचा मुलगा पिंपरीत कंपनीत लागला होता. पहिल्या शिफ्टला लवकर जायचा, त्यामुळे बापाची पहाटफेरी त्याला उशिरा कळली. कळल्यावर त्याने रानात जाऊन ती रेघ पाहिली. बांधावर येऊन त्याने माझ्या म्हशीला हाक मारली. म्हशीला म्हणाला, "मास्तरला सांग, येड्या माणसाच्या पायावर डाव खेळणाऱ्याची जीभ झडंल." मी म्हशीच्या वतीने उत्तर दिलं की वेड्यांना घरात चहा मिळत नाही म्हणून ते शहाण्यांकडे येतात.

त्याने रेघेच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी चुलते त्या तुडवून आले. पायांतून रक्त येत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. बायकोने त्यांना ओट्यावर बसवलं आणि सुईने काटे काढले. पाच निघाले. चुलते मजेत चहा पीत होते. ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"उद्यापासून चहा मी करणार नाही."

मी म्हणालो, काटे मी नाही टाकले.

"बोलावता तुम्ही. अहो, रेड्याला सुद्धा माणूस एवढं राबवत नाही."

दुसऱ्या दिवशी चहा मी केला. ओढ्याने वळसा घालून मी त्यांच्यासाठी पिंपरीच्या बाजारातून जुन्या वहाणाही आणल्या. बायकोला वाटलं मी सुधारलो. मला फक्त ते लंगडत कचेरीसमोर यायला नको होते.

फाल्गुनात शाळू निघाला. मामलेदार जागा पाहायला येणार अशी तारीख लागली आणि आठ दिवस आधी चुलतभावाने दोन कामं उरकली. रान आडवं-उभं नांगरलं, ढेकळांत रेघेचा मागमूस ठेवला नाही. आणि बापाला चाकणला आपल्या बहिणीकडे नेऊन सोडलं. सकाळी धाव रिकामी पाहिली तेव्हा मला जो राग आला तो लिहून काढला तर कागद जळेल. आठ दिवस मी चहा करून ठेवला आणि स्वतः प्यायलो.

पण चाकणला ते राहिले नाहीत. रोज उजाडता घराबाहेर पडायचे, विहीर शोधायचे. एकदा ते कांद्याच्या वखारीत सापडले, दुसऱ्यांदा किल्ल्याच्या खंदकाशी. बहीण घाबरली आणि तिने तारखेच्या दिवशी सकाळीच त्यांना आणून घातलं. मामलेदार, कारकून आणि दोन पंच बांधावर उभे असताना चुलते बैलगाडीतून उतरले. मी मनात पडदा वर गेल्याची शिट्टी ऐकली.

चुलतभाऊ शांतपणे सांगत होता की इथे वाट कधीच नव्हती, हे बघा नांगरलेलं रान. मी म्हणालो, साहेब, माझा एकच साक्षीदार आहे आणि तो आत्ताच गाडीतून उतरला. चुलतभाऊ म्हणाला त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. मी म्हणालो, मला डोकं नको, पाय हवेत.

मामलेदारांना गंमत वाटली असावी. त्यांनी चुलत्यांना रस्त्याकडच्या टोकाला उभं करायला सांगितलं. मी दुसऱ्या टोकाला, धावेवर गेलो. मध्ये सगळी ढेकळं.

चुलते उभे राहिले आणि उभेच राहिले. आठ दिवसांत त्यांच्यातलं काहीतरी आणखी खचलं होतं. एक पाय पुढे टाकायचे, तो मागे घ्यायचे. कारकुनाने पेनाचं टोपण लावलं. चुलतभाऊ हसला, आणि मी शपथेवर सांगतो, त्या हसण्यानेच मला करायला लावलं. मी छाती भरून घेतली आणि वडिलांच्या आवाजात, मोटेवरच्या त्या लांब हाळीत ओरडलो, "आरं ये की लवकर, बैलं खोळंबल्याती."

त्यांची मान वर झाली. ते निघाले. ढेकळांतून, कुठेही न अडखळता, सुतात. जिथे पूर्वी आंब्याच्या खुंटाला वळसा होता तिथे वळसा घेतला, आणि तो खुंट चुलतभावाने उपटून वर्ष झालं होतं. मामलेदार त्यांच्या मागून चालत आले, पंच आले, कारकून पेन उघडून धावत आला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा प्रयोग आणि मी जागेवरून हललोही नव्हतो.

चुलते धावेवर आले. माझ्यासमोर उभे राहिले, दम लागला होता. मामलेदारांनी मोठ्याने विचारलं, आजोबा, ही वाट कुणाची?

त्यांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. माझ्याशीच बोलले. "दादा, वाट आपली दोगांची. मी मोडली. तुझ्या पोराच्या पायी मोडली."

कारकून लिहीत होता. मी आत नाचत होतो.

"लई माजलंय ते," चुलते म्हणाले. "तू हातरुणात तडफडत व्हतास, पानी पानी करत व्हतास. आन् ह्यो तिकडं जत्रंत तोंड रंगवून लोकांस्नी हसवत व्हता. मी मानूस धाडला व्हता त्याला बोलवाया. आला न्हाई. पानी मी पाजलं तुला. व्हय का न्हाई?"

पंचांपैकी एकाने खाली पाहिलं. बायको ओट्यावर उभी होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही, पण ती उभी आहे हे मला कळत होतं.

माणूस आला होता. ते तो आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. दुसरा अंक सुरू व्हायचा होता, मी राजवाडा जाळणार होतो. मी त्याला विंगेत थांबवलं आणि म्हणालो, एवढा अंक होऊ दे. मग तिसराही झाला. घरी सांगितलं की निरोप मिळालाच नाही.

"बोल की दादा," चुलते म्हणाले. "व्हय का न्हाई?"

माझ्या गळ्यात वडिलांचा आवाज तयार होता. त्यात मी म्हणू शकलो असतो की जाऊ दे, पोर आहे, मी माफ केलं. सगळ्यांसमोर, साहेबांच्या साक्षीने, वडिलांच्या आवाजात. गावात कुणाला आवाजातला फरक कळला नसता. मी तोंड उघडलं आणि नुसता खोकलो.

मामलेदारांनी पंचनाम्यावर अंगठे घेतले. प्रतिवादीनेच वाट मोडल्याचं सांगितलं, म्हणून निकाल माझ्या बाजूने लागला. चुलतभावाने एका रविवारी शिव्या देत दोन्ही कडांना दगड लावून वाट मोकळी केली. दूध वसाहतीत वेळेवर जाऊ लागलं. म्हशीमुळे नातं नांगरल्याचं वाक्य मी परत म्हणालो नाही. ऐकणाऱ्यांनी ते एक-दोनदा मला म्हणून दाखवलं.

मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, आणि या वेळी चेहरा करावा लागला नाही. त्यांना त्यांचंच बोलणं आठवण करून दिलं, की राग आजारातून आला असेल. आजारी माणसं मनाने काहीबाही रचतात ना, असंही विचारलं.

"रचतात," ते म्हणाले. "दुवा तुटला की मधली जागा मेंदू काहीतरी घालून भरतो. त्यांनी सांगितलेलं रचलेलं आहे का?"

मी म्हणालो, मला काय माहीत.

"तुम्हालाच माहीत असणार," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

चुलते पावसाळ्यापर्यंत येत राहिले. आता वाट होती, कचेरीच्या शिक्क्याची, पण माझा हिशेब एका ठिकाणी चुकला होता. मला वाटत होतं की जी वाट रोज चालली जाते ती टिकते. जमिनीवरची टिकते. त्यांच्या डोक्यातली रोज चालूनही तुटत होती, तीही चालता चालता. आधी बैल विचारायचं थांबलं, मग बशीतून चहा प्यायचं. मग एकदा आंब्याच्या खुंटाच्या जागी वळायचे ते वळलेच नाहीत, सरळ रानात गेले. मी हाळी द्यायचो तेव्हा यायचे. मग उशिरा यायला लागले.

श्रावणात एका सकाळी ते वाटेच्या मधोमध उभे दिसले. मी वडिलांच्या आवाजात हाक मारली. मान वर झाली नाही. आणखी एकदा, सगळा दम लावून. काही नाही. तीस वर्षांची ती हाळी त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. मी चहाची बशी घेऊन चिखलातून त्यांच्याकडे गेलो. जवळपास कुणी नव्हतं. माझ्या स्वतःच्या आवाजात, जो मला तेव्हा फार बारीक वाटला, मी म्हणालो, "तात्या, माणूस आला होता. मी गेलो नाही."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग अगदी सभ्यपणे, परक्याला विचारावं तसं म्हणाले, "कोन म्हनायचं आपन?"

मी सांगायला तोंड उघडतो तोवर मागून चुलतभाऊ आला, कंपनीची खाकी अंगात, शिफ्टला निघालेला. त्याने काही ऐकलं की नाही मला कळलं नाही. त्याने बापाचा दंड धरला, माझ्या हातातल्या बशीकडे पाहिलं आणि बापाला म्हणाला, "चला आबा. ही लोकांची वाट हाय. कचेरीनं दिलीया. हितं उभं ऱ्हायाचं न्हाई."

चुलते त्याच्याबरोबर गेले. मी बशी तशीच धरून उभा होतो. ते दोघं रस्त्याला लागल्यावर मी घराकडे वळलो, तेव्हा बायको ओट्यावर होती. चहा गार झाला असेल, ती म्हणाली, आणि दुसरा करायला आत गेली नाही.